सही करण्याआधी त्यांचा एक डबा उघडून पाहा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिकेचा डबाबंद मासळीचा लहान कारखाना आहे. वडिलांनी सुरू केलेला कारखाना आता ती आणि तिचा धाकटा भाऊ चालवतात. ती उत्पादन पाहते, तो विक्री. कामाला साठेक माणसं आहेत आणि त्यात बायकाच जास्त. काहींच्या आयाही याच टेबलांवर मासे साफ करायच्या. गेल्या तीन वर्षांत बाहेरून येणारे सार्डिन आणि ट्यूनाचे डबे इतके स्वस्त झालेत की तिचा डबा कारखान्याच्या दारातून निघतानाच त्यांच्यापेक्षा महाग असतो. उत्पादकांच्या संघटनेने सरकारला द्यायचं निवेदन तयार केलं आहे. आयातीवर बंदी घाला, नाहीतर आयात परवडणारच नाही इतकं शुल्क लावा, अशी त्यात मागणी आहे. पुढच्या महिन्यात बैठकीत सह्या व्हायच्या आहेत. भाऊ म्हणतो, सह्यांनी काही होत नाही, आपणच बाहेरचे डबे आणून आपलं लेबल लावू. तिला हा विश्वासघात वाटतो. पण निवेदनावर सही करतानाही हात अडखळतो. "सही करू की नको? आणि भावाचं ऐकलं तर वडिलांच्या नावाचं काय?" असं ती विचारते.

ताई,

सही करताना हात अडखळतो, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ. साठ माणसांच्या पगाराची काळजी असताना समोर आलेल्या कागदावर कुणीही सही करून मोकळं झालं असतं. तुम्ही थांबलात. बैठकीला अजून महिना आहे, तर हा महिना कामाला लावू या.

माझी बाजू आधीच सांगून टाकते. स्थानिक कारखाने टिकावेत असं मला मनापासून वाटतं. डबाबंद मासळीचा कारखाना बंद पडला की होड्यांचं हक्काचं गिऱ्हाईक जातं. ज्या दिवशी जाळी भरून येतात त्या दिवशी भाव पार कोसळू न देणारी जागा जाते. बर्फवाला, डबे पुरवणारा, ट्रकवाला यांचा धंदा आटतो. मासा हातात घेताच तो किती तासांचा आहे हे ओळखणाऱ्या बायका घरी बसतात आणि ती ओळख पुढच्या पिढीला कुणी शिकवत नाही. असा कारखाना एकदा बंद पडला की सहसा पुन्हा उघडत नाही. त्यामुळे "बाजार काय ते ठरवेल" असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण निवेदनात जे मागितलं आहे त्याने तुमचा कारखाना वाचेल का, हे मात्र तपासायला हवं.

"ते फसवून स्वस्त विकतात," असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. खरंही असेल. पण त्यामागचा हिशेब पत्रात कुठे दिसला नाही. परदेशातला डबा स्वस्त असण्याची कारणं अनेक असतात: मोठा कारखाना, कमी मजुरी, सरकारी अनुदान, चोरून पकडलेली मासळी, चलनाचा घसरलेला भाव, डब्यात कमी भरलेला मासा, किंवा खरोखरच चांगलं चाललेलं काम. दर कारणावर इलाज वेगळा आहे. चुकीचा इलाज मागितला तर दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांत जातील आणि तोवर कारखान्यातली रोकड संपेल.

म्हणून पहिलं काम असं करा. वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या तारखांचे त्यांचे दहा-बारा डबे विकत आणा. तेवढेच तुमचे घ्या. कारखान्यातल्याच टेबलावर उघडा, तेल आणि पाणी जाळीवर पूर्ण निथळू द्या आणि उरलेल्या मासळीचं वजन करा. मग डब्याची किंमत विसरून निथळलेल्या मासळीचा किलोमागे भाव काढा. तुकडे किती अखंड आहेत, वास कसा आहे, लेबलवर जातीचं नाव आहे का, सीम, म्हणजे झाकणाचा जोड, नीट बसली आहे का, सगळं लिहून ठेवा. हे काम कचेरीत बसून करू नका. अनुभवी कामगार बायकांना करू द्या. त्यांना जे दिसेल ते तुम्हा-आम्हाला दिसणार नाही.

किलोमागचा फरक डब्यामागच्या फरकापेक्षा बराच कमी निघाला, तर निथळलेलं वजन प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत छापायची सक्ती करा, ही तुमची पहिली मागणी. ती मान्य करायला सरकारला काहीच खर्च पडत नाही आणि गिऱ्हाइकालाही ती पटते. त्यांचा डबा खरंच चांगला आणि खरंच स्वस्त निघाला, तर ते पचवायला जड जाईल. तरी ते बैठकीआधी तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

डबे उघडले असतील तेव्हाच हिस्टामिन या बाधक द्रव्याची चाचणीही करून घ्या. ट्यूना, सार्डिन, बांगडा अशा माशांमध्ये ते पकडल्यानंतर थंड ठेवण्यात हयगय झाली की हिस्टामिन वाढतं. एकदा वाढलं की रिटॉर्टच्या, म्हणजे बंद डबे वाफेवर शिजवणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेनेही ते जात नाही, सीलबंद डब्यात तसंच राहतं आणि खाणाऱ्याला बाधतं. युरोपीय संघात अशा मासळीच्या नऊ नमुन्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेली तर माल चालत नाही. बाहेरच्या मालात दोष सापडला तर तो तुमच्या हाती आलेला भक्कम पुरावा आहे. मात्र आरोग्याचा नियम फक्त आयातीला लावता येत नाही, देशी मालालाही तोच लागतो. म्हणून आधी तुमचे डबे तपासा.

आता तुमचा स्वतःचा खर्च. मासळी, रिकामा डबा, तेल, मजुरी, इंधन, पाणी, वाहतूक, कर्जाचं व्याज आणि कारखाना बंद असलेल्या दिवसांचा खर्च, हे सगळे आकडे वेगवेगळे मांडा. लहान कारखानदार मजुरी आणि मासळीकडे बारकाईने पाहतो आणि इतर दोन खर्चांकडे त्याचं दुर्लक्ष होतं, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. एक रिकाम्या डब्याचा, दुसरा बंद दिवसांचा.

सार्डिनसारख्या स्वस्त मासळीच्या बाबतीत डब्याचा खर्च आतल्या माशाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही वर जाऊ शकतो. त्यातून रिकामे डबे दुरून आणायचे म्हणजे ट्रकभर हवा वाहून आणायची. तुमच्या देशात टिनच्या पत्र्यावर किंवा खाद्यतेलावर आयात शुल्क आहे का, ते पाहा. असेल तर चित्र असं होतं की तुम्ही कच्च्या मालावर शुल्क भरता आणि भरलेला डबा मात्र कमी शुल्कात, कधी शुल्काशिवायच आत येतो. ही उलटी शुल्करचना दुरुस्त करून घेणं नवं शुल्क मिळवण्यापेक्षा सहसा सोपं असतं, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या खिशाला हात लागत नाही. अमेरिकेत २०२३ साली पोलाद उद्योगाने टिनच्या पत्र्याच्या आयातीवर अँटी-डम्पिंग शुल्क (त्यांच्या देशातल्या भावाहून स्वस्तात पाठवलेल्या मालावर लागणारं जादा शुल्क) मागितलं तेव्हा विरोधात उभे राहिले ते डबे बनवणारे आणि डबाबंद अन्न तयार करणारे. आयातीमुळे देशी पत्रा उद्योगाचं नुकसान झालेलं नाही, असा निर्णय तिथल्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. डबेवाल्यांचं म्हणणं तिथे ऐकलं गेलं, कारण ते आकडे घेऊन गेले होते. तुमच्या संघटनेच्या निवेदनात पत्र्याबद्दल एक ओळही नाही.

बंद दिवसांचा खर्च त्याहून अवघड. तुमचा रिटॉर्ट वर्षातले किती दिवस तापतो? थायलंड हा डबाबंद ट्यूनाचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार आहे, पण त्यांच्या कारखान्यांत जाणारा ट्यूना बहुतांशी त्यांच्या समुद्रातला नसतो. गोठवलेला मासा दूरच्या समुद्रांतून विकत आणतात आणि कारखाना बारमाही चालवतात. हंगामावर अवलंबून असलेल्या कारखान्यात बॉयलर, कर्जाचे हप्ते आणि कायम कामगारांचे पगार बारा महिन्यांचे असतात, डबे मात्र काही महिन्यांचेच भरतात. हा फरक आयात शुल्काने बुजत नाही. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून शीतगृह घेतलं, डब्यांची खरेदी एकत्र केली, प्रयोगशाळा सामायिक ठेवली, तर काही अंशी बुजतो. तुमची संघटना आहे, लोक एकत्र बसतात. निवेदन लिहायला जमतात, तसे याही कामाला जमा.

मग शुल्क मागायचंच नाही का? मागायचं, पण कोणतं शुल्क आणि कशाच्या आधारावर, हे पक्कं करून.

सरसकट बंदीची मागणी मी तुमच्या जागी असते तर गाळली असती. १९९५ साली स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत सदस्य देशांना आयातीवर अशी संख्यात्मक बंधनं घालण्यास काही अपवाद सोडले तर मनाई आहे. जे सरकारला देताच येणार नाही ते पहिल्याच परिच्छेदात मागितलं की पुढचं निवेदन कुणी मन लावून वाचत नाही. साधं शुल्क वाढवून मागणार असाल तर दोन गोष्टी पाहा. प्रत्येक देशाने व्यापार संघटनेत "याहून जास्त लावणार नाही" अशी शुल्काची कमाल मर्यादा बऱ्याच मालांसाठी मान्य केलेली असते. डबाबंद मासळी शुल्कसूचीत १६०४ या शीर्षकाखाली येते, १६०४.१३ म्हणजे सार्डिन आणि १६०४.१४ म्हणजे ट्यूना. तिथे सध्याचा दर आणि कमाल मर्यादा यांत किती अंतर आहे, ते शोधा. दुसरं, तुम्हाला मारणारा माल मुक्त व्यापार कराराखाली येतोय का, ते पाहा. येत असेल तर सर्वसाधारण शुल्क कितीही वाढवलं तरी तो माल तसाच आत येत राहील आणि तुमची लढाई भलत्याच दारावर चालू राहील.

निवेदनात "डम्पिंग" हा शब्द जागोजागी आहे असं तुम्ही लिहिलंत. या शब्दाबद्दल गैरसमज फार आहे. तुमच्यापेक्षा स्वस्त विकणं म्हणजे डम्पिंग होत नाही. परदेशी उत्पादक आपल्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने तुमच्याकडे पाठवतो, तेव्हा ते डम्पिंग. त्यासाठी त्यांच्या बाजारातला भाव माहीत हवा. तक्रारीला देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादन करणाऱ्यांचा पाठिंबा लागतो, आणि मत मांडणाऱ्यांमध्ये पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त असावं लागतं. चौकशीला साधारण एक वर्ष, फार तर १८ महिने लागतात. नुकसान आयातीमुळेच झालं, हेही दाखवावं लागतं. मासळी मिळेना म्हणून किंवा यंत्रं जुनी झाली म्हणून झालेलं नुकसान आयातीच्या नावावर मांडता येत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

दुसरा मार्ग सेफगार्ड शुल्काचा. आयात अचानक वाढली आणि देशी उद्योगाला गंभीर हानी झाली तर ते लावता येतं. समोरच्याने लबाडी केली हे सिद्ध करावं लागत नाही. मला तुमच्या प्रकरणात हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तुमच्याकडे सध्या पुरावा आहे तो आयात वाढल्याचा, फसवणुकीचा नाही. त्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची असते. वाढवून आठ होते, विकसनशील देशांना दहापर्यंत जाता येतं. एक वर्षाहून जास्त काळ लावलं तर ते टप्प्याटप्प्याने सैल करावं लागतं. तेवढ्या काळात उद्योगाने स्वतःला सावरावं, अशी त्यामागची कल्पना आहे. तेव्हा निवेदनात "आम्हाला चार वर्षं द्या, पहिल्या वर्षी आम्ही हे करू, दुसऱ्या वर्षी ते करू" असं लिहिलेलं असायला हवं. तुमच्या निवेदनात चार वर्षांनी काय, याचा विचारच केलेला दिसत नाही.

शुल्काची भिंत कशी झिरपते याचं अमेरिकेतल्या ट्यूनाचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे तेलातल्या डबाबंद ट्यूनावर मूळ शुल्क ३५ टक्के आहे. पाण्यातल्या ट्यूनावर ठरलेल्या कोट्याच्या आत ६ टक्के आणि कोट्याबाहेर १२.५ टक्के. अर्थात बाहेरचे उत्पादक पाण्यातला ट्यूना पाठवतात. त्याहून मोठं छिद्र पुढे आहे. साफ करून शिजवलेले ट्यूनाचे लांब तुकडे, ज्यांना या धंद्यात लॉइन म्हणतात, ते मोठ्या पॅकमध्ये गोठवून आणले तर मूळ शुल्क अगदी नाममात्र. माशाची साफसफाई हेच सगळ्यात जास्त हात लागणारं काम. ते जिथे मजुरी कमी तिथे गेलं. अमेरिकेच्याच ताब्यातल्या अमेरिकन सामोआ बेटांवरच्या कारखान्यांचा माल अमेरिकेत शुल्काशिवाय जातो, म्हणजे संरक्षण पुरेपूर होतं. तरीही किमान वेतन वाढत गेल्यावर २००९ साली तिथला एक मोठा कारखाना बंद झाला आणि दोन हजारांहून अधिक लोकांचं काम गेलं. त्याच कंपनीने जॉर्जिया राज्यात सुमारे २०० कामगारांचा कारखाना उघडला, आणि तिथे परदेशात साफ झालेली मासळी डब्यात भरली जाऊ लागली. कागदावर डबे भरण्याचा उद्योग देशातच राहिला. मासे साफ करणाऱ्या बायका मात्र त्यात उरल्या नाहीत. तुमच्या टेबलांवर बसणाऱ्यांचा विचार करून हे लिहिते आहे. निवेदनात भरलेल्या डब्यावरचं शुल्क मागताना लॉइनबद्दल काय म्हणायचं, ते संघटनेत आधी ठरवा. मोठ्या कारखान्यांना लॉइन स्वस्तात हवे असतील आणि तुम्हाला नको असतील, तर एकाच कागदावरच्या तुमच्या सह्यांचे अर्थ वेगळे आहेत.

नावाच्या आधारानेही संरक्षण मिळवायचा प्रयत्न होतो. युरोपात १९८९ च्या नियमाने "सार्डिन" हे नाव डबाबंद मासळीत एकाच जातीसाठी राखून ठेवलं होतं, सार्डिना पिलकार्डस. पेरूचा मासा वेगळ्या जातीचा, त्यामुळे त्यांना ते नाव लावता येत नव्हतं. पेरूने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००२ मध्ये जिंकला. पण त्यानंतर युरोपने नियम बदलला तो असा, की इतर जातींना सार्डिन म्हणता येईल, मात्र सोबत माशाचं शास्त्रीय नाव लिहावं लागेल. नाव अडवून ठेवणं टिकलं नाही, खरं नाव लिहायला लावणं टिकलं. तुमच्या निवेदनात जात, पकडल्याचं ठिकाण, डबाबंद केल्याचं ठिकाण आणि निथळलेलं वजन यांची सक्ती मागा. देशी आणि परदेशी दोघांनाही सारखीच लागू असलेली मागणी नाकारणं अवघड असतं.

चोरून पकडलेल्या मासळीबद्दलचा तुमचा संशय मी हलक्यात घेत नाही. युरोपीय संघाने २०१० पासून बेकायदा मासेमारीविरुद्धचा नियम लागू केला आणि २०१५ मध्ये थायलंडला पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे सुधारा नाहीतर आयात थांबेल असा इशारा दिला. कायदे आणि देखरेख सुधारल्यावर ते २०१९ मध्ये मागे घेतलं. मासा कोणत्या बोटीने, कुठे पकडला याचा दाखला असल्याशिवाय डबा आत येऊ देऊ नका, ही मागणी शुल्कापेक्षा जास्त धारदार ठरू शकते. अर्थात तुमच्या होड्यांनाही तो दाखला द्यावा लागेल.

आता जो विषय तुमच्या पत्रात कुठेच आला नाही त्याकडे येते. मासळी आहे का? तुमच्या किनाऱ्यावर येणारी मासळी दहा वर्षांपूर्वीइतकी आहे का? कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथले सार्डिनचे कारखाने १९३० च्या दशकात भरभरून चालत होते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सार्डिन नाहीसे झाले आणि त्यापाठोपाठ कारखाने बंद पडले. अमेरिकेतला सार्डिनचा अखेरचा कारखाना, मेन राज्यातल्या प्रॉस्पेक्ट हार्बरचा, एप्रिल २०१० मध्ये बंद झाला. तिथे हेरिंग जातीचे लहान मासे सार्डिन म्हणून डब्यात भरत, आणि हेरिंग पकडण्याची मर्यादा कमी केल्याने पुरेसा मासा मिळत नाही, हे कारण दिलं गेलं. तुमच्या अडचणीचा अर्धा भाग हा असेल तर शुल्क वाढून दुकानातला डबा महाग होईल आणि तुमचं टेबल तरीही रिकामं राहील. होडीवाल्यांशी बोला. पिल्लं धरू नयेत, विणीच्या काळात जाळी थांबावीत यासाठी कारखानदारच आग्रह धरू शकतो, कारण खरेदी त्याच्या हातात असते. लहान मासा घ्यायचा नाही असं तुम्ही चौघा-पाच जणांनी ठरवलंत तर त्याचा परिणाम कोणत्याही फलकापेक्षा लवकर दिसेल.

निवेदनात गिऱ्हाइकाला "स्वस्ताच्या मागे धावणारे" म्हटलं आहे. कृपा करून ते वाक्य काढायला लावा. डबाबंद मासळी मोठ्या प्रमाणावर अशी माणसं घेतात ज्यांना ताजी मासळी मिळत नाही किंवा परवडत नाही, ज्यांच्याकडे ती टिकवायची सोय नाही. शुल्क वाढलं की त्यांच्या पानातली मासळी कमी होते. हे मान्य करून, म्हणूनच मुदत ठरवून शुल्क मागतो आहोत, असं म्हणणारं निवेदन अधिक विश्वासाचं वाटतं.

सरकारकडून शुल्काखेरीज आणखी एक गोष्ट मिळू शकते, तिच्याकडे संघटनेचं लक्ष गेलेलं नाही. शाळा, रुग्णालयं, सैन्य, आपत्तीच्या काळातलं वाटप यासाठी सरकार स्वतः अन्न विकत घेतं. सरकारने स्वतःच्या वापरासाठी केलेली खरेदी व्यापार संघटनेच्या समान वागणुकीच्या नियमातून वगळलेली आहे. सरकारी खरेदीचा वेगळा करार आहे, पण तो फक्त त्यावर सही केलेल्या देशांना बांधतो. तुमचा देश त्यात नसेल तर निविदांमध्ये देशी डब्याला प्राधान्य मागता येतं. वर्षभराची ठरलेली मागणी मिळाली तर तुमचा बंद दिवसांचा प्रश्न काही प्रमाणात सुटेल. मला विचाराल तर निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या.

आता तुमच्या भावाबद्दल. विश्वासघात हा शब्द मला जड वाटतो. दुकानदारांचे फोन तो घेतो, परत आलेले खोके तो मोजतो. त्याला जे दिसतं त्यातून त्याने मार्ग सुचवला. तो मार्ग जसाच्या तसा मला पटत नाही, हेही खरं. वडिलांच्या नावाच्या लेबलवर लोकांचा विश्वास आहे तो तुमच्या टेबलांवरून निघालेल्या माशामुळे. त्या लेबलखाली दुसऱ्याचा डबा विकला तर विश्वास एकदाच विकता येतो. शिवाय एक कायद्याची बाब आहे. अँटी-डम्पिंगच्या चौकशीत जे उत्पादक स्वतःच तो माल आयात करतात त्यांना "देशी उद्योग" या व्याख्येतून वगळता येतं. निवेदनावर सही आणि गोदामात आयातीचे खोके, असं दोन्ही एकदम केलंत तर तुमच्यासोबत संघटनेचीही बाजू लंगडी पडेल.

पण त्याच्या म्हणण्यात एक धागा आहे तो सोडू नका. बाहेरून काहीच आणायचं नाही असं नाही. हंगाम नसताना गोठवलेला अख्खा मासा आणला तर साफसफाई, शिजवणं, भरणं, सगळं तुमच्याच टेबलांवर होतं आणि रिटॉर्ट चालू राहतो. फक्त तो मासा कुठला, हे डब्यावर लिहा. लॉइन आणले तर खर्च आणखी कमी होईल, पण निम्म्या बायकांचं काम जाईल. हा निर्णय तुम्हा दोघांनी कागदावर आकडे मांडून घ्यायचा आहे. आणि तयार डबे आणून विकण्याचाच भावाचा आग्रह असेल तर वेगळं नाव, वेगळं लेबल, त्यावर मूळ देशाचा स्पष्ट उल्लेख. वडिलांचं नाव नाही.

एक सल्ला मी जरा भीत भीत देते, कारण तो सगळ्यांना लागू पडत नाही. सगळ्यात स्वस्त डब्याशी स्पर्धा करणं लहान कारखान्याला जमत नाही, आणि कदाचित करूही नये. पोर्तुगाल आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले काही लहान कारखाने हाताने साफ केलेले, हंगामात पकडलेले सार्डिन भरतात आणि ते खास पदार्थ म्हणून विकले जातात. ब्रिटनीत तर डब्यावर वर्ष छापतात, कारण तेलात मुरलेलं सार्डिन काही वर्षांनी अधिक चांगलं लागतं असं तिथले लोक मानतात. पण त्यासाठी मासा उत्तम लागतो, तेल चांगलं लागतं, आणि महाग डबा घेणारं गिऱ्हाईक शोधावं लागतं. तुमच्या उत्पादनाचा दहावा हिस्सा अशा डब्यांत भरून पाहा. सगळा कारखाना एकदम त्या वाटेला लावू नका.

तेव्हा सही करायची की नाही? आहे त्या निवेदनावर नको. बैठकीआधी संघटनेच्या सचिवांना भेटा आणि सांगा की बंदीची मागणी काढा, मुदतीचं सेफगार्ड शुल्क मागा, त्यासोबत पत्र्यावरचं शुल्क, लेबल, मासा पकडल्याचा दाखला आणि सरकारी खरेदी हे मुद्दे घाला, आणि चार वर्षांत आपण काय करणार ते लिहा. आपल्या डब्यांच्या वजनाचा तक्ता घेऊन जा. नुसतं "मला पटत नाही" म्हणालात तर तुम्हाला फितूर ठरवतील. तक्ता समोर ठेवलात तर निदान दोघं-तिघं तरी तुमच्या बाजूला सरकतील. इतकं करून मसुदा बदलला तर मनापासून सही करा. बदललाच नाही, तर वेगळं पत्र लिहून तुमचे मुद्दे स्वतंत्रपणे सरकारला पाठवा. तसं करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि कामगार बायकांना विश्वासात घ्या. तुमच्या पत्रावरून वाटतं की त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना कळलेलं असणारच, टेबलावरचे डबे कमी झालेत हे त्यांना दिसतं. उघड आकडे सांगितले तर काही सोडून जातील ही भीती खरी आहे. पण त्यांच्या टेबलावर परक्या कारखान्याचे डबे उघडायला ठेवाल, त्या दिवशी त्यांना कारण सांगावंच लागेल. ते तुम्ही स्वतः सांगा, भावाला शेजारी घेऊन.